बॉर्नव्हिलचं कौतुक करायचं, तर साओ तोमेचं काय करायचं?

खडूफळा

गेली अकरा वर्षं मी कॉमर्सच्या मुलांना उद्योगांचा इतिहास शिकवतो. त्यातला एक तास माझा लाडका आहे: बॉर्नव्हिल. कॅडबरी बंधूंनी १८७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या धुरातून कारखाना उचलला आणि मोकळ्या माळावर नेला. कामगारांसाठी मैदानं, बागा, पोहण्याचे तलाव. पुढे जॉर्ज कॅडबरींनी शेजारची जमीन स्वतःच्या पैशाने घेऊन गाव वसवलं आणि १९०० साली ते एका ट्रस्टला देऊन टाकलं: ३१३ घरं, ३३० एकर जमीन. ‘देऊन टाकलं’ हे शब्द मी वर्गात जरा जास्तच जोर देऊन म्हणतो. हा तास मी टिपणांशिवाय घेतो आणि तो रंगतो, हे मलाही माहीत आहे.

या वर्षी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. म्हणाली, "सर, कोको कुठून यायचा?"

मी म्हणालो, पश्चिम आफ्रिकेतून.

"पश्चिम आफ्रिकेत कुठून?"

मला उत्तर येत नसतं तर ‘बघून सांगतो’ म्हणून सुटलो असतो. पण उत्तर येत होतं, आणि पंचाईत तीच आहे. साओ तोमेचं प्रकरण मी वाचलेलं होतं. तासात घेत नव्हतो, ‘वेळ पुरत नाही’ म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साओ तोमे आणि प्रिन्सिपे ही गिनीच्या आखातातली बेटं, तेव्हा पोर्तुगिजांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅडबरीच्या कोकोचा मोठा हिस्सा तिथून यायचा. मळ्यांवर राबणारी माणसं अंगोलाच्या अंतर्भागातून आणलेली असत. कागदोपत्री गुलामगिरी केव्हाच संपली होती, त्यामुळे ही माणसं गुलाम नव्हेत, पाच वर्षांच्या करारावरचे ‘नोकर’. अधिकाऱ्यासमोर उभं करायचं, स्वखुशीने चाललाय अशी नोंद करायची, बोटीत बसवायचं. पाच वर्षं संपली की करार पुढे चालू. घरी परतलेला माणूस जवळजवळ कुणाच्याच पाहण्यात नव्हता. हेन्री नेव्हिन्सन नावाचा पत्रकार १९०४-०५ मध्ये अंगोलातल्या त्या वाटेने गेला, तेव्हा त्याला झाडांवर टांगलेल्या लाकडी बेड्या दिसल्या. माणसं विकली गेली की त्या तिथेच राहायच्या.

जॉर्ज यांचे पुतणे विल्यम कॅडबरी यांच्या कानावर हे १९०१ मध्येच आलं होतं. त्याच सुमारास साओ तोमेतला एक मळा विक्रीला निघाला आणि त्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोचली. मालमत्तेच्या यादीत मजूरही होते, किमतीसकट. म्हणजे शंकेला जागा फारशी नव्हती.

पुढची आठ वर्षं अशी गेली. १९०३ मध्ये विल्यम लिस्बनला गेले, तिथे त्यांना नवा कायदा झाल्याचं सांगण्यात आलं. ब्रिटिश परराष्ट्र खात्याने धीर धरा म्हटलं, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या खाणींना पोर्तुगिजांच्या मोझांबिकमधून मजूर हवे होते आणि पोर्तुगिजांना दुखवून चालणार नव्हतं. मग कंपनीने जोसेफ बर्ट या आपल्या माणसाला चौकशीला पाठवायचं ठरवलं. तो आधी काही महिने पोर्तुगीज भाषा शिकला. १९०५ मध्ये निघाला, १९०७ मध्ये परतला. शेवटी मार्च १९०९ मध्ये कॅडबरी आणि फ्राय, राउंट्री या दुसऱ्या दोन ब्रिटिश चॉकलेट कंपन्या यांनी तिथली खरेदी थांबवली.

मधल्या काळात जॉर्ज कॅडबरींचं ‘डेली न्यूज’ हे दैनिक दक्षिण आफ्रिकेतल्या चिनी मजुरांच्या हालांवर रान उठवत होतं. ‘स्टँडर्ड’ या विरोधी पत्राने २६ सप्टेंबर १९०८ च्या अग्रलेखात नेमकं या विसंगतीवरच बोट ठेवलं. कॅडबरीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. डिसेंबर १९०९ मध्ये ज्यूरीने निकाल कॅडबरीच्या बाजूने दिला आणि भरपाई किती? एक फार्दिंग. म्हणजे पाव पेनी.

आता प्रश्न. माल घ्यावा की नाही, हा वाद बाजूला ठेवू. माझ्याकडे त्या तासात विकायला काही नसतं. मी फक्त कौतुक करतो, आणि ऐंशी-नव्वद मुलं ते कौतुक घेऊन बाहेर पडतात. सक्तीच्या मजुरीवर ज्यांचा नफा उभा राहिला (पूर्ण नसेल, अंशतः), त्यांचं कौतुक करण्यात नेमकं काय चुकतं? आणि काही चुकत असेल, तर बॉर्नव्हिलच्या घरांचं काय करायचं? ती तर खरीच होती. आजही उभी आहेत.

कडूकारलं

सर, भावना पोचल्या, पण ही फूटपट्टी हातात घेतलीत तर तुमचा सगळा अभ्यासक्रम रिकामा होईल.

आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन कंपनीने नाझींच्या ऑश्विट्झ छावणीशेजारी मोनोवित्सला रबराचा कारखाना उभारायला घेतला आणि छावणीतले कैदी कामाला जुंपले. फ्रिट्झ टेर मेअर हा त्यांच्या संचालकांपैकी एक. १९४८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. १९५६ मध्ये हेच गृहस्थ बायर या औषध कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्ष. तिकडे अमेरिकेत अलाबामातल्या कोळसा खाणींना तुरुंगातले कैदी भाड्याने मिळायचे, आणि ती पद्धत १९२८ पर्यंत चालली. त्या खाणींच्या कोळशावर चाललेल्या पोलादाच्या उद्योगावर तुम्ही एक तास घेत असालच.

आजचं बोलायचं तर २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या मजुरीत असल्याचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज आहे आणि त्यातून वर्षाला २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो. एवढा पैसा कुणाच्या तरी ताळेबंदात उतरतोच ना? ज्या फोनवरून मी हे लिहितोय त्यातला कोबाल्ट बहुधा काँगोतला. तिथे हाताने खणल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुलं कामाला असतात, हे ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने २०१६ मध्येच छापलंय. मी फोन फेकला नाही. तुम्हीही नाही.

सगळेच बरबटलेले असतील तर एकट्या कॅडबरीचा तास रद्द करणं म्हणजे आपण स्वच्छ असल्याचं नाटक. घ्या तास बिनधास्त, शेवटी दोन वाक्यं साओ तोमेची टाका, विषय संपला.

दुपारची झोप

वाचतेय. एकच शंका. बॉर्नव्हिलच्या मैदानावर खेळणाऱ्या कामगारांच्या पोरांनी काय पाप केलं होतं? त्यांच्या आयांना कोको कुठून येतो ते कुणी सांगितलंही नसेल. त्यांचं सुख आपण आता मागे जाऊन खोटं ठरवायचं का?

शिक्कामोर्तब

मी पुरवठादारांच्या ऑडिटचं काम करतो. पंधरा वर्षं झाली. कारखान्यात जायचं, मजुरीची कागदपत्रं तपासायची, कामगारांशी बोलायचं, रिपोर्ट द्यायचा. त्यामुळे माझं मत थोडं तिरकं असेल, चालवून घ्या.

एका कारखान्याची गोष्ट सांगतो. देश आणि नाव सांगत नाही. परदेशातून आलेले काही शे कामगार. ऑफिसात एक लोखंडी कपाट, त्यात सगळ्यांचे पासपोर्ट. दहा-दहाचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला रबरबँड, वर खोली क्रमांकाची चिठ्ठी. अत्यंत नीटनेटकं. मॅनेजर म्हणाला, "हरवू नयेत म्हणून ठेवलेत, त्यांनीच विनंती केली." विनंतीपत्रं दाखवली. सगळी एकाच तारखेची, सही सोडून बाकी सगळं एकाच हस्ताक्षरात. पासपोर्ट परत हवा असेल तर? अर्ज करायचा, सुपरवायझरची सही, मॅनेजरची सही, कारण लिहायचं.

मग मुलाखती. "एजंटला किती पैसे दिले?" पहिला म्हणाला, काही नाही. दुसरा म्हणाला, काही नाही. अकराच्या अकरा जण एकाच चालीत ‘काही नाही’ म्हणाले. पढवलेलं उत्तर लगेच ओळखू येतं, त्यात माणूस आठवायला थांबत नाही. बाराव्याने तोंडाने ‘काही नाही’ म्हटलं आणि टेबलाखाली आधी दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग आठ. अठरा. अठरा महिन्यांचा पगार. तेवढं कर्ज डोक्यावर घेऊन तो आला होता, आणि ते फिटेपर्यंत त्याला कोणी दाराला कुलूप लावायची गरज नव्हती.

सक्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चाबूक येतो. १९३० च्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या साधी आहे: शिक्षेच्या धाकाने करून घेतलेलं आणि माणसाने आपणहून न पत्करलेलं काम. कर्ज, अडकवलेला पासपोर्ट, थकवलेला पगार, हाकलून देण्याची धमकी, एवढ्यावर ती पूर्ण होते. साओ तोमेतही अधिकाऱ्यासमोर ‘स्वखुशी’ची नोंद व्हायचीच की. सर, तुम्ही ते वाक्य लिहिलंत तेव्हा मला त्या विनंतीपत्रांचा गठ्ठा आठवला.

आता ज्यासाठी हे सांगतोय तो भाग. त्या लोखंडी कपाटाच्या बरोबर वर भिंतीवर एक चकचकीत फलक होता: ‘वर्षातील उत्कृष्ट पुरवठादार’. दिला होता खरेदी करणाऱ्या बड्या कंपनीने, आणि त्या कंपनीला स्वतःला तिच्या देशात सर्वाधिक आदरणीय कंपन्यांच्या यादीत स्थान होतं. मी माझ्या रिपोर्टात पासपोर्टचं लिहिलं. खरेदी विभागातून फोन आला: "हा आमचा सगळ्यात वेळेवर माल देणारा पुरवठादार आहे, तुम्ही नक्की बघितलंत ना?" वेळेवर का देतो, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. ज्याचे पासपोर्ट कपाटात आहेत तो ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही.

म्हणून कडूकारलं यांचं ‘घ्या तास बिनधास्त’ हे बोलणं, जणू कौतुकाने काही बिघडत नाही, मला पटत नाही. त्या खोलीत कौतुक भिंतीवर ठोकलेलं होतं आणि ते काम करत होतं. माझ्या रिपोर्टाचं वजन त्या फलकाने कमी केलं. चांगलं नाव असलेल्या माणसाबद्दलची तक्रार आपण आधी तक्रारदारावर उलटवतो, कंपन्यांचंही तसंच.

पण ‘सगळेच सारखे’ हेही खरं नाही. फरक असतो, आणि तो बहुतेक वेळा कॅलेंडरवर दिसतो. कळलं कधी, थांबवलं कधी, आणि ज्याचं गेलं त्याला परत काय मिळालं. मलेशियाची टॉप ग्लोव्ह घ्या, रबरी हातमोज्यांची जगातली सगळ्यात मोठी कंपनी. कोविडात शेअर आकाशाला भिडला होता, सगळे डोक्यावर घेऊन नाचत होते. जुलै २०२० मध्ये अमेरिकेने तिच्या दोन उपकंपन्यांचा माल बंदरावर अडवला, सक्तीच्या मजुरीच्या कारणाने. त्यानंतर कंपनीने कामगारांना त्यांनी एजंटांना भरलेले पैसे परत द्यायला सुरुवात केली, एकूण १३ कोटी ६० लाख रिंगिट. सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. चौदा महिने. मी टॉप ग्लोव्हचं कौतुक करतोय असं समजू नका, माल अडल्यावर कोणीही शहाणा होतो. पण बाराव्या माणसाच्या हातात त्याचे अठरा महिने परत पडू शकतात, एवढं तरी त्यातून कळतं. साओ तोमेच्या माणसाला कॅडबरीकडून काय परत मिळालं? तुमच्या लिखाणात ते आलं नाही म्हणून विचारतो.

पानगळ

कडूकारलं, एक दुरुस्ती. ते २३६ अब्ज डॉलर सगळे कारखान्यांच्या ताळेबंदात शोधू नका. त्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग लैंगिक शोषणातून येतो. आकडा भयंकरच आहे, पण तो दुसऱ्या वादातला आहे.

आणि ‘सगळेच बरबटलेले’ या वाक्याचा फायदा कुणाला होतो ते बघा. जो सर्वात जास्त बरबटलेला, त्याला.

शिक्कामोर्तब यांच्याशी जवळजवळ सहमत. फक्त एक भर. कॅडबरीचा बचाव काय होता आठवतं का? आम्ही खरेदी चालू ठेवली म्हणूनच आमच्या शब्दाला वजन होतं, सोडून गेलो असतो तर कोणी विचारलंच नसतं. आजही प्रत्येक कंपनी हेच म्हणते, फक्त शब्द गुळगुळीत झालेत. हा बचाव नेहमीच खोटा नसतो. पण तो पारखता येतो: वजन होतं, तर ते वापरलं कधी? आठ वर्षं नुसतं वजन बाळगलं तर ती ताकद नव्हे, तो साठा.

उलट उदाहरण उझबेकिस्तानचं. तिथे कापूस वेचायला सरकार दर हंगामात शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी यांना शेतात हाकलायचं. तीनशेहून जास्त ब्रँडनी तो कापूस घेणार नाही अशी लेखी हमी दिली. तिथले कार्यकर्ते धोका पत्करून शेतांतून माहिती काढत राहिले. २०२१ च्या हंगामात सरकारी पातळीवरची पद्धतशीर सक्ती आढळली नाही, तेव्हा मार्च २०२२ मध्ये बहिष्कार मागे घेतला. म्हणजे लांब राहूनही वजन पडतं. त्याहून जुनं हवं असेल तर १७९१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा प्रस्ताव फेटाळल्यावर घराघरांत लोकांनी गुलामांच्या श्रमातून येणारी वेस्ट इंडीजची साखर सोडली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या थॉमस क्लार्कसनच्या अंदाजाने तीन लाख माणसं. व्यापारावर बंदी यायला १८०७ उजाडलं, तेव्हा साखरेने क्रांती केली असं मी म्हणत नाही. पण त्या घरांत साखरेच्या भांड्याकडे बघायची नजर बदलली होती. सरांचा प्रश्न मला त्या जातीचा वाटतो, नजरेचा.

आणि कायद्याच्या भरवशावर नजर सोडून देता येत नाही, कारण कायदा फार बारीक दारातून बघतो. काँगोच्या कोबाल्टवरून मोठ्या टेक कंपन्यांवर झालेल्या खटल्यात अमेरिकेच्या अपील कोर्टाने २०२४ मध्ये सांगितलं की पुरवठा साखळीतून माल विकत घेणं म्हणजे सक्तीची मजुरी करून घेणाऱ्याच्या उद्योगात सहभागी होणं नव्हे. कायद्याच्या शब्दांनुसार असेल बरोबर. पण ‘सहभागी नाही’ आणि ‘कौतुकास पात्र’ यांच्यात बरंच अंतर आहे, आणि ते पार करायला कोणतंही कोर्ट मदत करणार नाही.

कडूकारलं

तीन चतुर्थांशाची दुरुस्ती मान्य. घाईत लिहिलं.

बाकी मुद्द्यावर ठाम आहे. पण त्या टेबलाखालच्या बोटांनी जेवणावरचं मन उडालं, हे खरं.

शिक्कामोर्तब

पानगळ, ‘वजनाचा साठा’ हे माझ्या पुढच्या मीटिंगमध्ये वापरणार आहे.

अजून एक राहिलं. परत देणं उशिरा झालं तरी ते मोजावं लागतं, पण उशीरही मोजावा लागतो. जर्मन सरकार आणि उद्योगांनी मिळून नाझी काळातल्या सक्तीच्या मजुरांसाठी १० अब्ज मार्कांची संस्था काढली ती २००० साली. १६ लाखांहून जास्त लोकांना पैसे मिळाले, पण युद्ध संपून पंचावन्न वर्षं झाली होती. छावणीत राबलेल्यांना जास्तीत जास्त १५ हजार मार्क. आणि अमेरिकेतले खटले दाराशी आल्यावर. आयकिया या फर्निचर कंपनीने पूर्व जर्मनीतल्या राजकीय कैद्यांकडून आपलं सामान बनवून घेतलं गेल्याचं २०१२ मध्ये मान्य केलं आणि पीडितांच्या निधीला ६० लाख युरो द्यायचं २०२४ मध्ये ठरवलं. मी या दोन्हींना शून्य म्हणणार नाही. पण कंपनीच्या वाढदिवसाच्या पुस्तिकेत हे प्रकरण ‘आम्ही जबाबदारी स्वीकारली’ या मथळ्याखाली येतं तेव्हा मला ते विनंतीपत्राचं हस्ताक्षर दिसतं.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. तीन दिवस यावरच डोकं चाललंय.

शिक्कामोर्तब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: साओ तोमेच्या माणसाला कॅडबरीकडून पैशात काही परत मिळाल्याचं माझ्या वाचनात नाही. कंपनीने तिथून खरेदी काढून घेतली आणि गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळली. तिथे शेतकरी स्वतःच्या जमिनीवर कोको पिकवत होते. हात स्वच्छ झाले. बेटावर जे होते ते बेटावरच राहिले.

दुपारची झोप, तुमच्या शंकेने मला सगळ्यात जास्त छळलं. मैदानावरच्या पोरांचं सुख खोटं नव्हतं. घरं खोटी नव्हती. मी अकरा वर्षं जे सांगितलं त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. माझ्या लक्षात आलं की गफलत वाक्यात नव्हतीच, बेरजेत होती. ते सुख मी मालकाच्या खात्यात जमा करत होतो आणि कोको मात्र कुठल्याच खात्यात नव्हता, तो ‘पश्चिम आफ्रिकेतून’ यायचा, पावसासारखा. पोरांबद्दल आनंद वाटायला काही हरकत नाही. त्याबद्दल जॉर्ज कॅडबरींपुढे हात जोडण्याआधी त्याच वर्षीची दुसरी पावती बघावी लागेल, इतकंच.

आणि कारलेबुवा, शेवटी दोन वाक्यं टाकून विषय संपवायचा सल्ला मी जवळजवळ घेतला होता. टिपणात लिहूनही झालं होतं. वाचून बघितलं तर औषधाच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांसारखं दिसत होतं, कुणी वाचू नये म्हणून छापलेलं.

तर काल तास परत घेतला, त्याच मुलांसमोर. ही माझी पद्धत नाही, झालेला तास मी पुन्हा घेत नाही. फळ्यावर दोन रकाने केले. डावीकडे बॉर्नव्हिल, उजवीकडे साओ तोमे, आणि मधे फक्त सालं. १९०० ला डावीकडे ट्रस्ट. १९०१ ला उजवीकडे मळ्याची यादी. १९०५ ला डावीकडे ‘डेअरी मिल्क’ बाजारात आलं आणि त्याच वर्षी उजवीकडे बर्ट बोटीत बसला. १९०६ ला डावीकडे कामगारांसाठी पेन्शन फंड. उजवीकडे त्या साली लिहायला काही नव्हतं, बर्टची चौकशी चालू होती. मी ती जागा कोरी सोडली आणि पुढे गेलो. रंगला नाही तास. मधेच खडू हातात धरून दोनदा थांबलो.

शेवटी शिक्कामोर्तब यांचं कॅलेंडर काढलं. वर्गाला विचारलं: कळल्यापासून थांबवेपर्यंत आठ वर्षं लागली. लिस्बन, परराष्ट्र खातं, भाषा शिकणं, प्रवास, सगळं जमेला धरा. तुम्ही विल्यमच्या जागी असता तर किती वेळ रास्त म्हटला असता? एक जण म्हणाला, सहा महिने. एक म्हणाली दोन वर्षं, कारण खात्री करायलाच तेवढी लागतील. एकाने सांगितलं की आठही कमीच आहेत, बाकीच्या खरेदीदारांनी तर तेवढंही केलं नाही. त्याचंही ऐकून घेतलं, मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता.

‘कोको कुठून यायचा’ विचारणारी मुलगी तिसऱ्या बाकावर होती. ती म्हणाली, "सर, तुम्ही विल्यमच्या बाजूने मोजताय. करार पाच वर्षांचा होता ना?"

मी म्हटलं, हो.

"मग १९०१ मध्ये जो नवीन आला, त्याचा एक करार पूर्ण झाला. दुसऱ्याची तीन वर्षं झाली. आणि मग कॅडबरीने खरेदी बंद केली." थोडं थांबून तिने विचारलं, "उरलेली दोन वर्षं त्याने कुणासाठी काम केलं?"

फळ्याच्या उजव्या रकान्यात, १९०९ च्या खाली, मी १९१० आणि १९११ लिहिलं. पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही. घंटा झाली होती, पण मुलं उठली नव्हती.